आई, फोन मधातच ठेवून दे

आमच्या घरी अजून लँडलाईन आहे. नागपुरात कोणाला सांगितलं की लोक विचारतात कशाला ठेवली, काढून टाक ना. त्यांना आमचं गाव माहीत नाही. आर्वी तालुक्यातलं हे गाव टेकड्यांच्या खोलगटात आहे, मोबाईलला धड रेंज पाहिजे असेल तर गच्चीवर चढा नाहीतर मारुतीच्या पारापर्यंत चालत जा, आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला दोन्ही जमत नाही. त्यामुळं ओसरीतल्या कोनाड्यात फोन आहे, तो राहणार. तांब्याची तार जाऊन आता फायबर आलं, डब्याला इन्व्हर्टर जोडला, पण नंबर जुनाच ठेवला कारण तो नंबर सगळ्या नातेवाईकांना पाठ आहे. मोठीआईला लिहितावाचता येत नाही, पण आमचा नंबर ती एसटीडी कोडासकट म्हणून दाखवते.

त्या फोनवर आता दिवसभर जे वाजतं त्याबद्दल लिहायचंय. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, आरोग्य विमा, प्लॉट, सांधेदुखीचं तेल, निवडणूक आली की रेकॉर्ड केलेली भाषणं. शहरात मोबाईलवर हे येतं तेव्हा आपण स्क्रीन बघतो, बोटानं उडवतो, विसरतो. घरच्या फोनचं तसं नाही. आई वाड्यात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असते, गुडघ्यावर हात ठेवून उठते, उंबरठा ओलांडून ओसरीत येते, रिसीव्हर उचलते, आणि तिकडून एक पोरगी हिंदीत पाठ केलेलं म्हणायला लागते. एका घंटीमागं आईचं एक उठणं असतं आणि सोयाबीनच्या दिवसात घरी दुसरं कोणी नसतं तेव्हा हे दुपारभर चालतं.

मी तिला सांगायचो, आई, लोनवाल्यांचा आहे कळलं की मधातच ठेवून दे, बोलू नको. ती ठेवत नाही. ठेवताच येत नाही तिला. दारात आलेल्या माणसाला पाण्याचा गडवा दिल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही हे तिच्या हाडात आहे, आणि फोनवरचा माणूस म्हणजे तिच्यासाठी दारात आलेलाच माणूस. एकदा मी समोर असताना तिनं क्रेडिट कार्डवाल्या मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, जेवन झालं का तुह्यं?" ती मुलगी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, नहीं आंटी, अभी शिफ्ट है. आई मला म्हणाली, "असं कसं मदातच ठून देऊ रे, तिकडं बी कोनाची तं लेकच असंन." तिचं चुकतं असं मला कधीच वाटलं नाही. ती मुलगी खरंच कोणाची तरी लेक आहे, टार्गेट पुरं करायला बसवलेली. पण ज्या धंद्यानं तिला बसवलंय तो धंदा आईच्या ह्याच स्वभावावर चालतो. जो मधातच फोन ठेवतो त्याला कोणी काही विकू शकत नाही, जो ऐकून घेतो त्यालाच विकता येतं आणि फसवणाराही त्यालाच शोधत असतो. म्हणून ह्या कॉलचा राग मला वेळ वाया जातो एवढ्यासाठी येत नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या भलेपणात हात घालून ते काम करतात, हे मला सहन होत नाही.

सगळ्यात त्रास मुक्या कॉलचा. घंटी वाजते, उचलला की पलीकडं कोणी नाही, थोडा खरखर आवाज, मग बंद. ह्यामागचं कारण मला नंतर कळलं. कॉल सेंटरमध्ये माणूस नंबर फिरवत नाही, मशीन फिरवतं, एकाच वेळी पुष्कळ नंबर, कारण त्यातले बरेच जण उचलणारच नाहीत असा त्याचा हिशोब असतो. पण कधी हिशोबापेक्षा जास्त लोक उचलतात आणि बोलायला एजंट मोकळा नसतो, मग उरलेल्यांना मुका फोन. ह्याला प्रेडिक्टिव्ह डायलर म्हणतात. त्यांच्यासाठी ते दोन-चार सेकंद आहेत. आईसाठी मात्र मुका फोन म्हणजे चंद्रपूरची ताई. तिला काहीतरी झालंय, बोलायचंय पण लाईन नीट नाही, असंच तिला वाटतं. मग ती चष्मा शोधते, वहीतून ताईचा नंबर काढते, लँडलाईनवरून मोबाईल लावताना पुढं शून्य लावावं लागतं हे आठवते (१५ जानेवारी २०२१ पासून तसा नियमच आहे आणि आईचा त्यात हमखास घोटाळा होतो), ताई शाळेत असते, उचलत नाही, आणि मग संध्याकाळपर्यंत आईचा जीव टांगलेला. एका मशीनच्या चुकलेल्या अंदाजापायी.

शेजारच्या काकूंनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. आमच्याकडं फोन वाजून गेला की थोड्या वेळानं त्यांच्याकडं वाजतो, मग पलीकडच्या पाटलांकडं. लँडलाईनचे नंबर एका एक्सचेंजचे ओळीनं असतात, त्यामुळं यादी विकत घ्यायचीही गरज नाही, मशीनला पहिला आकडा द्या, ते पुढचे सगळे फिरवत सुटतं. आणि यादी लागलीच तर ती आपणच देतो, ट्रॅक्टरच्या शोरूममधली लकी ड्रॉची कुपनं, जत्रेतल्या स्टॉलवरचे फॉर्म, बियाण्याच्या दुकानातली वही. एकेकाळी नाव, पत्ता आणि नंबर छापलेली टेलिफोन डिरेक्टरी घराघरात असायची आणि कोणाला भीती वाटत नव्हती, कारण फोन करायला पैसे लागायचे आणि तो माणसालाच करावा लागायचा.

इथं थोडं मागं जावंसं वाटतं. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली आणि तिथल्या इंजिनिअरांनी खेड्यांसाठी १२८ लाईनचं छोटं एक्सचेंज बनवलं, ज्याला एसीची खोली लागणार नाही, जे धुळीत आणि आपल्याकडच्यासारख्या उन्हात टिकेल. परदेशी एक्सचेंजला गारेगार खोली लागायची, ती खेड्यात कोण देणार होतं. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो हे ज्याला माहीत आहे त्याला ह्या कामाची किंमत कळेल. खेड्यात घंटी वाजावी म्हणून लोकांनी एवढं डोकं लावलं होतं. म्हणूनच आज त्या घंटीवर कोण कब्जा करून बसलंय हे बघून वाईट वाटतं.

आणि विकणाऱ्यांपर्यंतच असतं तर एक वेळ चाललं असतं. खेड्यातल्या फोनवर फसवणुकीचे जे प्रकार येतात ते खेड्यासाठीच घडवलेले असतात. तुमच्या शेतात मोबाईल टॉवर बसवायचाय, महिन्याला एवढं भाडं, वर डिपॉझिट, फक्त आधी एनओसीची (ना हरकत दाखल्याची) फी भरा, आणि त्या एनओसीवर ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, शिक्का. कापसाला भाव नाही, सोयाबीन पावसानं गेलं, अशा वेळी बांधावरच्या पडीक तुकड्याचं भाडं येणार म्हटल्यावर कोणाचं मन हलणार नाही? खरं म्हणजे ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरसाठी जागा भाड्यानं घेण्यात कुठंच नसतात आणि असली एनओसी देतही नाहीत, हे त्यांनी परत परत जाहीर केलंय. पण ती जाहीर सूचना पेपरात येते आणि फोन घरात येतो. तसेच कुसुम योजनेच्या सोलर पंपाचे खोटे फोन. पीएम किसानचा हप्ता अडकलाय म्हणून केवायसी मागणारे. आणि २०२४ मध्ये तो रेकॉर्ड केलेला आवाज आला, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार आहे, अधिकाऱ्याशी बोलायला ९ दाबा. ट्राय कोणाला असा फोन करत नाही. पण आईनं तो ऐकला तेव्हा ती घाबरली होती, फोन बंद झाला तर ताईचा कसा येईल म्हणून. पुढं त्या ९ च्या मागं बसलेले लोक पोलीस बनतात, सीबीआय बनतात, डिजिटल अरेस्ट म्हणतात, म्हणजे फोनवरच अटक केली असं सांगून घाबरवतात. असा कुठलाच कायदा नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांना ह्यावर बोलावं लागलं, थांबा, विचार करा, मग पाऊल उचला, एवढं ते पसरलं होतं.

शेवटी झालं असं की आईनं फोन उचलणंच सोडलं. "वाजू दे, लोनवालेच असतीन." मला आधी बरं वाटलं. मग मोठीआईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तारीख मिळाली, आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला की डॉक्टरांना जावं लागतंय, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात घेऊ. दवाखान्यानं त्यांचं काम बरोबर केलं होतं, दोनदा फोन लावला होता. इकडं कोनाड्यात फोन वाजत राहिला आणि दोघी जणी ओसरीत बसून तो वाजताना ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मोठीआई उपाशीपोटी गेली, डोळ्यात काही दिसत नाही, काकाच्या हाताला धरून, आणि तशीच परत आली. तिनं कोणाला काही म्हटलं नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं की आपण नुसता त्रास कमी करायचा म्हणत होतो आणि तोवर हा फोन आमच्या हातातून जवळजवळ गेला होता. घंटी वाजल्यावर माणूस उठत नसेल तर फोन असून नसून सारखाच.

मग बसून नीट काम केलं. पहिलं म्हणजे जुना फोन काढला आणि नंबर दिसणारा, कॉलर आयडीचा फोन आणला. आणताना एक बघायचं, फोनला स्क्रीन असून भागत नाही, लाईनवर नंबर दिसायची सोय चालू पाहिजे, ती कंपनीला सांगून करून घ्यावी लागते. आमच्याकडं स्क्रीन कोरीच राहायची, लाईनमन भाऊंनी येऊन चालू करून दिली. नंबर दिसल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही, कारण तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न तोच, कोणत्या नंबरवरून आला.

दुसरं, ब्लॉक. फोनमध्ये ब्लॉकचं बटन आहे, नको तो नंबर त्यात टाकला की पुढच्या वेळी वाजत नाही. पण मी अनुभवानं सांगतो, घरच्या फोनवर नुसत्या ब्लॉकवर विसंबू नका. ते रोज नव्या नंबरवरून येतात, आणि फोनची यादी लहान, भरते. त्यापेक्षा उलटं करा. आपल्या माणसांचे नंबर फोनमध्ये भरा आणि त्यांना वेगळी रिंग द्या, बऱ्याच फोनात ही सोय असते. ताई, मी, काका, मोठीआई, किराणावाले, आशाताई, दवाखाना, जिनिंगवाले. आता ओळखीची रिंग वाजली की आई उठते, दुसरी वाजली की ती बसल्या जागी राहते, आणि ज्याला खरंच काम आहे तो परत लावतो. काही फोनात तर यादीबाहेरच्याला वाजूच द्यायचं नाही असंही करता येतं, पण ते मी केलं नाही. कोणी एसटी स्टँडवरून दुसऱ्याचा मोबाईल मागून फोन लावला तर? खेड्यात असे फोन येतात, आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात महत्त्वाचे असतात.

तिसरं, १९०९ हा नको असलेल्या फोनसाठीचा नंबर. हे लँडलाईनवाल्यांना फार कमी माहीत आहे. मोबाईलवाले एसएमएस पाठवून डीएनडी, म्हणजे विकणाऱ्यांचे फोन नकोत अशी नोंद, लावतात, घरच्या फोनवरून एसएमएस जात नाही, पण त्याच फोनवरून १९०९ लावून बोलून डीएनडी लावता येतं. सगळं बंद करता येतं किंवा बँक-विमा, जागा-प्लॉट, शिक्षण, आरोग्य असे वेगवेगळे प्रकार निवडता येतात. डीएनडीनं सगळं थांबेल अशी आशा मात्र धरू नका. जे नियमानं नोंदणी करून १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन करतात तेच फक्त ती यादी बघतात. साध्या दहा आकडी नंबरवरून येणारे मुळात नोंदणीच करत नाहीत, ते यादी कशाला बघतील. त्यांच्यासाठी तक्रार हाच रस्ता आहे आणि इथं एक चांगला बदल झालाय, १२ फेब्रुवारी २०२५ ला ट्रायनं नियम सुधारले. आता फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते, आधी तीनच दिवस होते. तुमचं डीएनडी लावलेलं नसलं तरी तक्रार घेतात. नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होते, आधी सात दिवसांत दहा लागायच्या. कंपनीला कारवाईला तीस दिवस मिळायचे, ते पाच केले.

दहा दिवसांत पाच तक्रारी म्हणजे काय, हे गावात बसून बघा. एकच मशीन आमच्या आळीत ओळीनं फोन करतं. आई, काकू, पाटील, मास्तर, दूधडेअरीवाले, प्रत्येकानं एकेक तक्रार केली तरी पाच झाल्या. शहरात शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो, इथं तो प्रश्न नाही. म्हणून फोनजवळ एक वही ठेवली, दोरीनं पेन बांधून, त्यात तारीख, नंबर आणि काय म्हणाले ते लिहायचं. आई मोठ्या अक्षरात लिहिते, "लोन", "टावर", "मुका". भाचा सुटीत आला की वही घेऊन १९०९ लावतो. काकूंनीही वही केली. तक्रार केल्यावर पूर्ण शांतता झाली असं मी म्हणणार नाही, झालेली नाही. पण आता आईला माहीत आहे की फोन आला तर तिला काहीतरी करता येतं, आणि तिच्या बोलण्यातली ती हतबलता गेली आहे.

तरीही मला वाटतं की हे काम मुळात आमचं नव्हतं. घरात फोन आला कसा हे बघण्याची जबाबदारी घरातल्या म्हातारीवर का? २००७ मध्ये डू नॉट कॉल रजिस्टर आलं, २०११ मध्ये नवे नियम लागू झाले, २०१८ मध्ये परत नवे, प्रत्येक वेळी नाव नोंदवायचं आपण, नंबर लिहायचा आपण, फोन लावायचा आपण. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की नोंदणी न करता विकायला फोन करणाऱ्यांची सगळी कनेक्शनं सरळ तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, तेव्हा थोड्याच दिवसांत पावणेतीन लाखांवर नंबर बंद झाले. म्हणजे मनात आणलं तर वरूनच थांबवता येतं. बँका-विमावाल्यांना १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेत, ते चांगलं, बँकेचा म्हणवणारा फोन दुसऱ्याच नंबरवरून आला तर निदान संशय घेता येतो. पण स्पॅम ओळखून सांगायच्या बाकीच्या सोयी बघा. एअरटेलनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पॅमचा इशारा द्यायला सुरुवात केली, तो मोबाईलच्या स्क्रीनवर. सरकारचं संचार साथी ॲप आलं जानेवारी २०२५ मध्ये, त्यातल्या चक्षू नावाच्या सोयीवर संशयित फोन कळवता येतो, तेही स्मार्टफोनवर. फोन करणाऱ्याचं नाव दाखवायची योजना आली, तीही आधी ४जी-५जी मोबाईलसाठी. ज्यांच्या घरी कोनाड्यात फोन आहे ती माणसं ह्या सगळ्यात कुठंच दिसत नाहीत, आणि सगळ्यात सहज फसणारी माणसं बहुतेक त्यांच्यातच आहेत.

होऊ शकत नाही असंही नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं रोबोकॉल, म्हणजे मशीननं केलेले रेकॉर्डेड फोन, थांबवण्याची स्पर्धा ठेवली, तिच्यात जिंकलेली एक कल्पना घरच्या फोनसाठीच होती. फोन घरात वाजतो तेव्हाच तो एका सर्व्हिसकडंही वाजतो, नंबर वाईट यादीतला असला तर ती सर्व्हिसच उचलून कापते, घरात एक घंटी होऊन थांबते. ते इंटरनेटवरून चालणाऱ्या लँडलाईनवर जमलं. आता आमच्या गावात फायबर आलंय, आवाज इंटरनेटवरूनच येतो, मग चाळणी एक्सचेंजमध्ये लावायला काय हरकत आहे? मुका फोन सोडणाऱ्या डायलरला दंड करायला काय हरकत आहे? हे मी फोन कंपनीला लिहून दिलंय, ट्रायलाही लिहिलंय. उत्तर आलं तर इथं टाकीनच.

तोवर गावापुरतं जे होईल ते. सरपंचताईंशी बोललो, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेऊ म्हणाल्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जिथं पाणीपट्टीची नोटीस लागते तिथं रंगवून घ्यायचं, नको असलेल्या फोनची तक्रार १९०९, पैसे गेले तर लगेच १९३०, टॉवरसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, ओटीपी कोणालाच सांगू नका. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "अन हे बी लिवा, का मदातच फोन ठेवला तं पाप नाई लागत." ते पण घेतलंय. पेंटर आर्वीहून यायचाय, रंगाचे पैसे बचत गटाच्या बाया देतायत, आणि भिंत आधी खरवडून घ्यावी लागेल, पावसानं पोपडे आलेत.